राखेतली पावलं

माघ शुद्ध ३, शके १८४३

रामहरी आज मलाच खोटं पाडायला बसला! "मास्तर, वटवाघूळ पाखरूच हाय. उडतंय की!" म्हटलं, ते पिलाला अंगावर पाजतं रे, शेळीसारखं. सगळी शाळा खो खो हसली. मी पाटी आपटली. फुटली.

पण उडताना ते पिलू छातीला कसं धरून राहत असेल? हैदराबादेत कुणी सांगितलं नाही. तसं कॉलेज तरी कुठं पुरं केलं!

माघ शुद्ध ४

रात्री हिंडणारं जनावर पोरांना दिवसा दाखवायचं कसं? — सुचलं! शाळेच्या अन् माझ्या खोलीच्या दारात चुलीची राख चाळून पसरली.

माघ शुद्ध ५

उमटलं! खोकडाची चार बोटं, उदमांजराची पाच. पोरं गुडघ्यांवर बसून मोजत होती. मग स्वतःचेही पाय उमटवले. आप्पाराव देशमुखांची धाकटी लेक कडू म्हणाली, "आमच्या अक्काच्या डाव्या पायाला चारच बोटं हायत. करंगळी गाडीच्या चाकाखाली गेलती."

"मग ती खोकड!" — रामहरी. मी धपाटा घातला.

"कावून मारलं?"

काय सांगू? त्या अक्कासाठीच तर कॉलेज सोडून आलोय. आडावर म्हणालो होतो — एकदा हो म्हण, तुझ्या वडिलांशी मी भांडतो. घागर उचलून निघून गेली. हो म्हणाली नाही, न्हाई म्हणाली नाही.

माघ शुद्ध ७

रामहरीची आजी छबुबाई शाळेत आली. "मास्तर, माणूस मेल्यावर राख पसरतेत, कोन्या जन्माला गेलं ते बघाया. जित्या लेकरांच्या दारात कावून पसरता?" मी ओरडलो. मग हात जोडले — पोरांना दाखवायचं साळिंदर तेवढं राहिलंय, ते उमटू द्या. "आजच्यापुरतं बरं का," म्हणाली.

कडू सांगते, उद्या दुपारी सिरसाळ्याचे पाहुणे अक्काची सुपारी फोडायला येणार. अक्का जेवत नाही. तिनं विचारलं म्हणे, "मास्तर आज बी राख पसरनार का?"

लग्न ठरतंय, अन् हिला साळिंदराची चौकशी!

माघ शुद्ध ८

साळिंदर आलं नाही. राखेत अनवाणी पावलं — माझ्या दारापर्यंत आली, थांबली, परत गेली. डाव्याला चार बोटं. आणि मी घोरत होतो!

पाहुण्यांच्या आधी आप्पारावांची ओसरी गाठतो. पण त्याआधी पोरं येतील, कडू येईल. बोटं मोजतील. मीच शिकवलंय!

झाडू हातात आहे. हात चालत नाही.