‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. (डोकं टेकवायच्या जागी सध्या चुना सांडलेला आहे, तेव्हा नमस्कार उभ्यानेच घातला असं समज.) तुझे गुडघे आता जिना चढू देतात का? माझी तब्येत बरी आहे. बाकी काहीच बरं नाही.

मी इथे विद्यापीठात मन वळवणारं लेखन शिकतो, हे तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस. वाचक कोण आणि त्याच्याकडून काय हवंय हे ओळखून लिहायचं, एवढाच विषय. सर म्हणाले, ‘तुम्ही’ लिहिलं की वाचक लांब बसतो, ‘आपण’ लिहिलं की जवळ येतो. म्हणून मी घरमालकीणबाईंना अर्ज केला की, ओल आलेली भिंत आपण रविवारी खरवडून रंगवावी, ही नम्र विनंती. मी ‘आपण’ आदराने लिहिलं होतं. बाईंनी ते ‘आपण दोघं’ असं वाचलं. रविवारी सकाळी त्या बाह्या सरसावून, खरवडायचे दोन पत्रे घेऊन हजर. असा भाडेकरू मिळायला नशीब लागतं, म्हणाल्या. भिंतीनंतर जिना झाला, आता गच्चीचं घाटतंय. (मी तोंडी काही बोललो नाही. तोंडी मन वळवणं पुढच्या वर्षाला आहे.)

मग खानावळीच्या मालकाला तक्रार लिहिली. वाचक तापट, म्हणून सौम्य लिहिलं की आपल्या जेवणाची चव विसरू म्हणता विसरता येत नाही. त्यांनी ती चौकट करून गल्ल्यामागे टांगली आहे, खाली माझ्या सहीसकट. नव्या विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा म्हणून निवेदन लिहिलं, तर ज्यांनी घेतला होता त्यातलेही तिघे सोडून गेले. सर म्हणाले, तुझ्या लेखनाने माणसाचं मन वळतं हे खरं, फक्त कुठे वळेल ते सांगता येत नाही. आत्या, मी अगदी खचलोय.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, आणि लहानांना माझ्या वाटेला न जाण्याचा आशीर्वाद.

तुझा भाचा

ता. क. : खरं सांगायचं ते राहिलंच. मी नापास झालोय, वर्ष गेलं. बाबांनी ऑफिसात सांगून ठेवलंय की आता सगळ्यांचे अर्ज माझा मुलगा लिहील. त्यांना कळवायला कितीदा तरी बसलो, पण दर वेळी पत्राच्या शेवटी दोष सरांचाच निघतो. उद्या ते इथे येताहेत, परत जाताना तुझ्याकडे उतरतील, तेव्हा तू सांगशील का? तुझं ते ऐकतात. त्यांच्या तोंडाकडे बघून मला रडू येईल.

ता. क. २ : बाबा आले. पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकिटाचा डिंक धरत नाही, पण नुसतं खुशालीचं आहे म्हणालो आणि त्यांना ते पटलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणाला काही पटवलं.

(खाली वेगळ्या अक्षरात)

ताई, वाचलं. तो स्वतः सांगेपर्यंत मला काही ठाऊक नाही, असंच धर. मी दोनदा नापास झालो होतो, ते तू त्याला सांगू नकोस. मीच कळवणार आहे. गाडीत बसल्यापासून लिहितोय, पण सुरुवात काही जमत नाही.