टिंकूले घासू नको

तिरोडा
१२ जानेवारी २०२५

प्रिय दुर्गेश्वरीताई,

नमस्कार. भाऊजी, तुझ्या सासूबाई बरे असतील. आमच्याकडं सारं ठीक. धान विकलं, बाबांचे गुडघे तसेच कुरकुरतात. जागेश्वरमामा उद्या तुमच्या देवरीले येऊन राहिले, त्यांच्या हाती हा कागद देतो. फोन तर आईच्या कमरेलेच राहते.

काल तू आईले फोनवर विचारलं, चेहऱ्याले घासायले तांदळाची कनकी किती बारीक दळायची आन् त्यात लिंबू किती पिळायचा. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तुझ्या टिंकूले राधा केलं म्हणे, म्हणून पोरगी उजळ दिसायले पाहिजे. आई हरखून सांगत होती, "आपल्या नीतूचा चेहरा पाह्य, कसा उजळला!" मी मागं भांडे घासत होती. बोलायचा जीवच नाही झाला. आजकाल कशालेच होत नाही.

ताई, पोराले सुटी नाही भेटली म्हणून मले पाहायले पाहुणे आले नाहीत, असं आईनं तुले सांगितलं ना? आले होते. पोहे खाल्ले, चहा पेला. मग पोराच्या आत्यानं माझी हनुवटी वर करून विचारलं, "हे डाग कायचे? काही बिमारी हाय का पोरीले?" त्यानंतर निरोप नाही. मले त्या पोराचं ना सोयर ना सुतक.

डाग कायचे ते सांगतो. तू देवरीले परत गेल्यावरही आई तीच लिंबू-कनकी माझ्या तोंडाले रोज घासत राहिली. पहिले लाल झालं, मग सोललं, आन् सोललं तिथं दोन्ही गाल तव्याच्या बुडासारखे काळे. आई म्हणे, मळ निघून राहिला. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली माझी.

शेवटी एकटीच गोंदियाले गेली, चमडीच्या डॉक्टरीणबाईकडं. त्या म्हणाल्या, "साँवली चमडी को रगड़ोगे तो वो चिढ़ती है बेटी, और काली पड़ती है." घासणं सारं बंद. हलक्या हातानं तोंड धुवायचं, उन्हात निघताना सनस्क्रीन. चमडी शांत झाली की आठवड्यातून एकदा त्यांनी दिलेलं पातळ औषध, तेही पहिले कानामागे लावून पाहायचं. डाग जायले महिने लागतील. लहान लेकराच्या चेहऱ्याले तर घासणं, औषध काहीच नाही, असं त्यांनी बजावलं.

आता पुढच्या पाहुण्यांसाठी आई परत कनकीची वाटी घेऊन बसते. मी उठून जातो. भांडायचं त्राण नाही, पण बसत नाही.

टिंकू सावळी हाय तर सावळी राधा होईल. उजळ कायले पाहिजे? तिले फक्त नाचायचं हाय.

एक गोष्ट लिहू का नको करत इथवर आली. त्या पहिल्या दिवशी आई घासत होती आन् "पुरे, आग होऊन राहिली" म्हणून मी ओरडत होती, तेव्हा माझे दोन्ही हात तू धरले होते, ताई. आन् हसत होती. हे मी कोणाले सांगितलं नाही. टिंकू ओरडली तर तिचे हात धरू नको. सोडून दे तिले.

रुसलेली, पण तुझीच,
नीतू