चौदा हजारांचा सेट

९ मार्च १९८६

विकला! जालन्याचा प्लॉट मला न विचारता विकून टाकला. चौदा हजार आले आणि गेलेसुद्धा. कशात? जपानी सेटमध्ये! ह्यांचं ते हॅम रेडिओचं वेड — लायसन काढायचं आणि घरबसल्या जगभरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं. "कस्टमचाच खर्चा अर्धा असतो, शरयू," म्हणाले, मान खाली घालून. शाळेत पोरांना विज्ञान शिकवतात, आणि घरी ही अक्कल!

तिथं घर बांधायचं होतं मला. मंठ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत किती वर्षं काढायची?

२ एप्रिल

सेट आला. राखाडी खोकं. आल्या आल्या उघडून बसले. मी विचारलं नाही. अबोला आहे.

११ जुलै १९९१

रुपया पडला म्हणे. जेवताना हे म्हणाले, "तोच सेट आता तीस हजारांवर गेलाय. तेव्हा घेतला ते बराबर झालं." आणि प्लॉट? तो साठ हजारांवर गेलाय, ते नाही सांगत! मग मी नेहमीचं ऐकवलंच — माझ्या धाकट्या भावाकडे बघा. वसंता आडतीवर मुनीम होता, आज तीर्थपुरीला स्वतःची आडत टाकून बसलाय. ह्यांनी ताटावरची नजर वर केली नाही. राग आला की मला थांबता येत नाही.

४ ऑगस्ट

आज सेटवर कुणी रशियातला भेटला म्हणे. माझ्याशी आठवड्यात चार शब्द!

६ ऑक्टोबर २००३

पुण्याला लेकाकडे जायचं ठरलं. त्याच्या सोसायटीत गच्चीवर एरियल लावू देत नाहीत. सेट विकायचा — मीच हट्ट धरला. निदान काही तरी परत येऊ दे. "राहू दे ना, कोण घेतंय," म्हणाले. चेहरा पार उतरला होता. एवढा जीव खोक्यावर!

१२ ऑक्टोबर

औरंगाबादहून ह्यांच्यासारखेच एक हॅम रेडिओवाले आले होते. मी आधीच बजावलं, चौदा हजारांचा आहे. ते हसले. "वहिनी, आता तसा जुना सेट आठ हजारांत मिळून राह्यलाय." मग झाकण काढलं आणि बघतच राहिले. "सर, हा तुम्ही बांधला? खोकं तेवढं जपानी. बाकी सगळं भंगारातल्या रेडिओंचं! हजारभर रुपये लागले असतील तेव्हा." कौतुकाने बोलत होते बिचारे.

१३ ऑक्टोबर

तेरा हजार कुठे गेले? विचारलं. "गेले." कुणी बाई होती का? तेही विचारलं — ह्या वयात! "बिलकुल न्हाई," म्हणाले आणि उठून गेले. मला पुण्याला जायचं नाही ह्यांच्याबरोबर.

भाऊबीज

वसंता आला. ओवाळता ओवाळता मी बोलून गेले — तुझ्या दाजींनी प्लॉट विकून पैसे कुठे उडवले देव जाणे. त्याचा हात ओवाळणीच्या पाकिटासकट तसाच राहिला. "अक्का, दाजींनी तुला सांगितलंच न्हाई? मी मालकाचे पैसे मटक्यात घातले होते. पोलीस यायचे होते. दाजी तेरा हजार भरून आल्ते. अक्काला कळू देऊ नका, म्हणून मीच पाया पडलो."

सतरा वर्षं! हे आतल्या खोलीत होते. आत जायची हिंमत झाली नाही.