गरीब बैल

पाचोरा, रविवार, संध्याकाळ

प्रभूच्या नम्रतेवरच्या प्रवचनासाठी तीन दिवस खपलो. ‘सौम्य’ आणि ‘लीन’ यांतला फरक अर्धा तास समजावला, तर लोक जांभया देत होते. मग मागून सुमनअक्का उठली. धुळ्याकडची, सहीपुरतं लिहिता येतं तिला. म्हणाली, “पास्टरभाऊ, आमनाकडे एक गरीब बैल व्हता, तसाच येशू. आंगमा ताकद बठ्ठी शे, पन तो मारत नही.”

झालं! सगळी सभा ‘आमेन’ म्हणाली. गरीब बैल. माझ्या वडिलांच्या गोठ्यातही होता की असा! लहान पोरं त्याच्या पोटाखालून जायची. मग मलाच का सुचू नये?

उपासनेनंतर सगळे अक्काभोवती. ती मात्र माझ्याकडे आली. “भाऊ, तुम्ही समजाडं म्हनीसन माले सुचनं.” मी समजावलं म्हणून तिला सुचलं म्हणे! मी नुसतं ‘बरं’ म्हणालो, तिच्याकडे पाहिलंही नाही.

घरी बायको म्हणाली, “अक्का किती छान बोलली!” मी ताट सरकवून उठलो. नम्रतेवर बोलून आलेला माणूस एका गरीब बैलावर जळत उपाशी बसलाय.

प्रभू, आज सभेत मारका बैल एकच होता, आणि प्रवचन तोच देत होता.