अनू इतकी शांत का?

२ जुलै, मंगळवार
आजपण अनूच्या मनगटावर स्वतःला चावल्याची खूण न्हाई. गेल्या वर्षी शाळेतून आली की दोन्ही हात लाल. नव्या मॅडम आल्यापासून एकदम शांत. ह्यांना बरं वाटायलंय. मला न्हाई. आठ वर्षांची स्वमग्न पोर, औषध न्हाई, काई न्हाई, अन् एकाएकी अशी... गणवेशाला कांद्याचा वास होता. वर्गात कांदे कुठून?

४ जुलै, गुरुवार
भांडे घासत होते. मागून अनू, "लावू दार? लावू?" ती मनचं बोलत न्हाई, ऐकलेलं बोलते, ज्याचं त्याच्या सुरात. हा सूर मॅडमचा.
ह्यांना सांगितलं. "तुला सगळ्यातच खोट दिसती. पेडगावात अजून कोण शाळेत घेणार हाय तिला? मॅडमला दुखवू नको."
म्हणजे गप राहायचं?

५ जुलै, शुक्रवार
शाळेत खिचडी करणाऱ्या मावशी गिरणीत भेटल्या. अनू कांद्याजवळ कशाला येती, विचारलं. "मॅडमलाच इचारा बाई." दळण तसंच ठेवून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.
कोंडायलेत. नक्की कोंडायलेत.

६ जुलै, शनिवार
न सांगता गेले. मधली सुट्टी, लेकरांचा कल्ला. वर्गात अनू न्हाई. स्वयंपाकघराशेजारी तांदूळ-कांद्याची खोली, दार लोटलेलं. ढकललं. अनू पोत्यावर बसून डोळ्यापुढं बोटं हलवायलती. रडत नव्हती. मला पाहून उठलीपण न्हाई.
मॅडम धावत आल्या. "गोंगाट झाला की हात चावायची. एकदा आपणच इथं येऊन बसली. तेव्हापासून बसू देते. दार लावू का, विचारते. तिनं हात ओढला तर लावत नाही."
"मला का सांगितलं न्हाई?"
"तुम्ही शाळेतून काढाल म्हणून."
"अन् सुट्टी संपल्यावर?"
मॅडमनं नजर वळवली. "कधी कधी राहते जरा जास्त. वर्ग मोठा आहे, ताई."
जरा म्हणजे किती, ते न्हाई सांगितलं. कडी बाहेरून हाय. आतून न्हाई.

७ जुलै, रविवार
ह्यांना कडीचं बोलले. हे उठून पेचकस शोधायला लागले. "उद्या मी येतो संगं. काढूनच टाकू."

८ जुलै, सोमवार
काढली. मॅडम नको म्हणल्या न्हाईत, उलट दार धरून उभ्या राहिल्या. भल्या असतील. का हे सोबत होते म्हणून?
ठरलं असं, सुट्टी संपली की अनू वर्गात. हा आठवडा मी मागं बसणार.
घंटा झाली. लेकरं ओरडत पळाली. अनूनं कानावर हात ठेवले, उठली, माझ्या अगदी जवळून गेली अन् मॅडमचं बोट धरलं.
माया म्हणू का सवय? विचारू तर कुणाला...