बाकाची उंची

तीर्थरूप बाबा, तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे आणि वेळेवर जेवते, हे आधी आईला सांगा.

सरकारी धोरण कसं ठरतं ते शिकायला कॉलेजने आम्हाला इथल्या ज्येष्ठांच्या संघटनेत पाठवलंय. बसथांब्यावरच्या बाकांसाठी पालिकेकडून नियम करून घ्यायचा होता. आम्ही पुस्तकं चाळून एक देखणं, बुटकं बाक निवडलं. पण इथे स्वतः वापरून पाहिल्याशिवाय कशालाच होकार मिळत नाही. सगळे आजीआजोबा ऐटीत बसले आणि उठेचनात! एकेकाला ओढून उठवताना हसून हसून मुरकुंडी वळली. अध्यक्ष आजी म्हणाल्या, "बसायचं काय घेऊन बसलात, उठायचं बोला!"

तेव्हा तुमची खुर्ची आठवली. निघताना मी तिच्या प्रत्येक पायाखाली एकेक वीट ठेवली होती ना? आईला फोनवर खुर्ची मोजायला लावली, ती यासाठीच. त्या उंचीच्या बाकावरून सगळे झटक्यात उठले. काल पालिकेने तीच उंची नियमात घातली. बाबा, तुमची खुर्ची इथे कायदा झाली!

फक्त एक सांगा. आईने कळवलेलं माप एका विटेचं नाही. दुसरी वीट कधी घातलीत?

उत्तराची वाट बघणारी,
तुमची धाकटी