मान हलते म्हणून अडवलेला परवाना

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
परदेशी रहिवासी विभाग,
वाहतूक कार्यालय.

विषय : वैद्यकीय दाखल्यातील 'मानेला अनैच्छिक कंप' हा शेरा खोडून वाहन परवान्याचे नूतनीकरण करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले परवाना स्थगितीचे पत्र (मी रागाने फाडलेले व नंतर चिकटवलेले).

महोदय,

१. मी धुलाई केंद्रातून रुग्णालयांना चादरी पोचवणारी गाडी चालवतो. या देशात आलो तेव्हा माझा मायदेशातला परवाना आपल्याच कार्यालयाने जमा करून घेतला व बदल्यात इथला दिला. आपल्या नियमानुसार साठी ओलांडलेल्या परदेशी रहिवाशाला दरवर्षी नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. इथे जन्मलेल्यांना सत्तरीपर्यंत कोणी विचारत नाही. आमची हाडे बहुधा लवकर झिजत असावीत. परवाना गेला की नोकरी जाते, नोकरी गेली की राहण्याची परवानगी जाते आणि आम्हा नवराबायकोला गाशा गुंडाळावा लागतो. म्हणून मी निमूटपणे तपासणीला गेलो.

२. डोळे, कान, रक्तदाब सगळे ठणठणीत निघाले. मग डॉक्टर सूचना देऊ लागले. आमच्याकडे 'हो, कळलं' म्हणताना माणूस मान जराशी डोलावतो. मी प्रत्येक सूचनेला डोलावली. त्यांनी संगणकावर लिहिले, 'मानेला अनैच्छिक कंप'. ही आमची सवय आहे असे मी पटवून सांगू लागलो, तेव्हाही ती डोललीच. त्यांनी पुढे 'वारंवार' हा शब्द जोडला.

३. फेरतपासणीत तंत्रज्ञाने माझे डोके पट्ट्याने खुर्चीला बांधले. पट्टा गळ्याशी आवळला गेला. सोडा म्हणालो तर तो हसला. त्यानंतर अर्जदाराच्या हातून तंत्रज्ञाच्या नाकास इजा झाली. डोके बांधलेले असूनही ठोसा नेमका बसला, यावरून माझी नजर व हात यांचा मेळ वाहन चालवण्यास पुरेसा आहे हे सिद्ध होते. दाखल्यात या गोष्टीचा उल्लेख नाही. 'हिंसक' एवढेच आहे.

४. दुभाष्या म्हणून माझा मेहुणा सोबत होता. परतताना गाडीत तो म्हणाला, "भावोजी, रागावू नका, पण तुमची मान खरंच हलते हो." अर्जदाराने इशारा देऊन गाडी रीतसर कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच मेहुण्याचे तोंड दारावर आपटले. त्याचे दोन दात पडले. वाहतुकीचा एकही नियम मोडला गेला नाही.

५. घरी मी मान ताठ ठेवून बोलायचा सराव सुरू केला. आरशासमोर करत होतो, तो आरसा आता नाही. मग बायको समोर बसून डॉक्टरांसारख्या सूचना देऊ लागली. "जमेल हो तुम्हाला, धीर धरा," म्हणताना तिचीच मान डोलायची आणि ती बघून माझी. मंगळवारी मी तिचे डोके दोन्ही हातांनी धरले व भिंतीला टेकवले. शेजाऱ्यांना आणि रुग्णालयात मी असेच सांगितले. महोदय, टेकवले नाही, आपटले. दोनदा. तिच्या कानामागे टाके पडले आहेत. मेहुण्याचा परिच्छेद लिहिताना मला मजा वाटत होती. हा लिहिताना माझी मला किळस आली.

६. ती घरी आली आहे. काल मी विचारले, "फार दुखतंय का गं?" ती म्हणाली, "नाही." विचारले, "जेवलीस का?" म्हणाली, "जेवले." तिची मान जागची हलली नाही. मला वाटले टाके ओढत असतील. पण मी खोलीबाहेर गेल्यावर ती फोनवर भावाशी बोलत होती, तेव्हा मान नेहमीसारखी डोलत होती. मी दारात दिसताच थांबली.

७. परवाना द्यावा की नाही, हे आपण ठरवावे. आपल्या जागी मी असतो तर दिला नसता. पण तेवढा शेरा खोडावा, आणि मान डोलावणे हा आजारही नाही व गुन्हाही नाही, असे शिक्क्यानिशी लिहून द्यावे. तो कागद मला तिच्यासमोर ठेवायचा आहे. माझ्या तोंडच्या शब्दावर ती आता विश्वास ठेवणार नाही.

आपला,
नम्र राहू इच्छिणारा,
(सही)
गाडीचालक, धुलाई केंद्र

दिनांक : आज, शनिवार
सोबत : माझ्या मानेचा एक्स-रे. दोष काही नाही.